दोन दप्तरे

मराठीतील ‘दप्तर’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, तेव्हा त्याचा अर्थ राज्यकारभाराच्या कागदांचा संग्रह असा होता. फडणिसाचे दप्तर, देशपांड्याचे दप्तर, कुलकर्ण्याचे दप्तर, आणि या सर्वांच्या शिरोभागी पुण्याचे ते पेशवे दप्तर, ज्यातील मोडी कागद कापडी रुमालांत बांधून हजारोंच्या संख्येने आजही जपून ठेवलेले आहेत. पुढे केव्हातरी हाच शब्द शाळेत जाणाऱ्या मुलाच्या काखेतील पाटीपुस्तकांच्या पिशवीला लागला, आणि आज दहा जणांना विचारले तर नऊ जणांच्या डोळ्यांपुढे ती पिशवीच उभी राहील. एकच नाव धारण करणाऱ्या या दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध किती आला, कचेरीतील दप्तरात जे ज्ञान होते त्यातले शाळेतील दप्तरात केव्हा, किती आणि कोणाच्या इच्छेने उतरले, हा प्रश्न माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास व नागरिकशास्त्र शिकवताना माझ्या मनात वारंवार येत असे, आणि त्याचे उत्तर शोधू जाता आपल्या प्रांताच्या गेल्या तीन शतकांचा एक दुर्लक्षित धागा हाती लागतो.

इंग्रजी अमलापूर्वी राज्यकारभाराचे शिक्षण नव्हते असे समजणे चुकीचे होईल. ते होते, परंतु ते घराण्यात होते. गावच्या चावडीत पाटलाच्या शेजारी घोंगडीवर बसून कुलकर्णी जमाबंदीचा हिशेब मांडीत असे, तेव्हा त्याचा दहाबारा वर्षांचा मुलगा बोरू तासून देता देता कुळांची नावे, जमिनीची प्रतवारी, इनाम आणि खालसा यांतील भेद, सरकारदेणे आणि गावखर्च यांची मांडणी हे सर्व कानांनी व डोळ्यांनी शिकत असे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवून, पावकी-निमकीची उजळणी पाठ करून झाली की मोडी कित्ता येई, आणि त्यानंतर जुनी पत्रे वाचण्याचा सराव. कोणाला कोणता मायना लिहावा, वरिष्ठास अर्ज कसा घालावा, हिशेबाची सदरे कशी पाडावीत, याची माहिती देणारी ‘मेस्तके’ कारकुनी पेशाच्या घरांतून जपलेली असत, आणि त्यांचे मूळ यादवांच्या हेमाद्रीपर्यंत नेले जाई. ही विद्या बारकाईची होती, उपयोगाची होती, आणि ज्याच्या घरी वतन त्याच्याच घरी ती राहत असल्यामुळे वतनाइतकीच तीही वारसाहक्काने उतरत असे.

शिवछत्रपतींनी या विद्येच्या भाषेलाच हात घातला. त्यांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्ग आहेत आणि दरबारी व्यवहारातील सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला. यापैकी ‘सचिव’ आणि ‘मंत्री’ हे शब्द आज आठवीतल्या मुलाच्या पुस्तकात आहेत. त्यांनी पार केलेले अंतर पाहिले म्हणजे राज्यकारभाराची भाषा कोणासाठी घडवली जाते हा प्रश्न किती जुना आहे याची कल्पना येते. पुढे १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेली आज्ञापत्रे हा तर मराठीतला राज्यशास्त्राचा पाठच होय. परंतु तो पाठ राजपुत्रासाठी होता. रयतेच्या मुलासाठी तसा पाठ लिहावा असे त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण रयतेने राज्य चालवावयाचे नसून राज्याने रयत चालवावयाची होती.

या व्यवस्थेचा खरा दोष पेशवाई गेल्यावर उघडा पडला. इंग्रजांनी रयतवारी आणली, कोर्टकचेऱ्या आणल्या, स्टँपाचा कागद आणला, आणि पूर्वी गोताच्या बैठकीत तोंडी निवडले जाणारे व्यवहार लेखी दस्तावर येऊन बसले. ज्याला दस्त वाचता येत होता त्याच्यासाठी हे न्यायाचे राज्य होते; ज्याला येत नव्हता त्याने अंगठा कशावर उठवला हे त्याला जप्तीचा बेलीफ दारात उभा राहीपर्यंत कळत नसे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जो उठाव झाला आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडून मुख्यतः एकाच वस्तूची मागणी केली, ती म्हणजे कर्जरोखे. आणि ते हाती येताच जाळून टाकले. धान्य आणि दागिने यांहून कागद अधिक घातक आहे हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला; पण कागद वाचण्याची विद्या शेतकऱ्याच्या मुलाला देण्याचे काम त्या कायद्याच्या कक्षेत नव्हते.

ते काम कोणाचे, हे जोतीराव फुल्यांनी स्पष्ट सांगितले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम मागितला त्यात मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, सामान्य इतिहास व भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांवरील धडे आहेत. या यादीतले ‘मोडी’ आणि ‘हिशेब’ हे दोन शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतात. कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते. ते वाचता आल्याशिवाय शेतकरी आपल्याच जमिनीविषयी परावलंबी राहणार, हे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. राज्यव्यवस्थेचे मूलतत्त्व मुलाला शिकवणे म्हणजे त्याच्यावर सत्ता चालवणारा कागद त्याला वाचता येणे, ही व्याख्या जोतीरावांनी कोठे लिहून ठेवलेली नाही. त्यांच्या मागण्यांतून मात्र ती स्वच्छ निघते, आणि तिच्याहून चांगली व्याख्या मला आजवर भेटलेली नाही.

दुसऱ्या बाजूने सुशिक्षितांची खटपट चालूच होती. गोपाळ हरी देशमुखांनी ‘प्रभाकर’ पत्रात १८४८पासून लिहिलेल्या शतपत्रांत विलायतेच्या पार्लमेंटची हकीकत मराठी वाचकाला सांगितली आणि आपल्याकडेही तशी सभा असावी हा विचार मांडला. आणि वार्धक्यात, १८८३ साली, त्यांनी ‘ग्रामरचना’ व ‘स्थानिक स्वराज्य व्यवस्था’ ही दोन पुस्तके लिहिली. त्या वर्षाला कारण होते. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा जो ठराव प्रसिद्ध केला त्यात अशा संस्थांचा उद्देश कारभार सुधारणे एवढाच नसून लोकांना राजकीय शिक्षण देणे हा आहे, असे स्पष्ट शब्दांत म्हटले होते. त्याआधीच पुण्याच्या सार्वजनिक सभेने, १८७०मध्ये, आपल्या सभासदाने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे असा नियम केला होता. प्रतिनिधी म्हणजे काय, हे पुस्तकात वाचण्यापूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांनी मुखत्यारनाम्यावर सही करून शिकून घेतले होते, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांतून फारशी येत नाही, याचे मला वाईट वाटते.

मग सरकारी शाळेच्या दप्तरात राज्यव्यवस्थेचे पुस्तक आले ते कसे? आपल्याच इलाख्यात मुलकी नोकरीत वाढलेले विल्यम ली-वॉर्नर यांनी १८९७ साली ‘सिटिझन ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांसाठी लिहिले, आणि शाळेकरिता लिहिलेल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांचा आपल्याकडील आरंभ सामान्यतः तेथून धरला जातो. त्याची रचना कुशल आहे, हे मान्य केले पाहिजे: खेडे, शहर, जिल्हा, प्रांत, संस्थाने आणि अखेर साम्राज्य अशी वर्तुळे वाढत जातात, आणि शांतता, आरोग्य, शिक्षण यांसाठी सरकार काय काय करते याचे वर्णन येते. ही चढती मांडणी इतकी रुजली की ग्रामपंचायतीपासून निघून संसदेपर्यंत पोहोचणारी आपली आजची पुस्तकेही, कळत नकळत, त्याच पायऱ्या चढतात. परंतु त्या पुस्तकातील ‘नागरिक’ हा कृतज्ञ प्रजाजन आहे. त्याने कर द्यावा, कायदा पाळावा, सरकारचे उपकार जाणावेत. सरकार निवडणे किंवा बदलणे त्याच्या कक्षेत येत नाही.

आणि साल पाहा: १८९७. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता; सार्वजनिक आरोग्याच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरत होते; २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली; सप्टेंबरात ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुस्तकातील सरकार आणि दारातील सरकार यांत एवढे अंतर असलेल्या काळात विद्यार्थ्याने कोणते खरे मानावे? त्याने दारातले खरे मानले, हे पुढच्या दहा वर्षांच्या इतिहासावरून दिसते. आणि सरकारलाही ते दिसले असले पाहिजे, कारण १९०७ साली सरकारचे गृहसचिव रिस्लेसाहेब यांचे परिपत्रक निघून विद्यार्थ्यांना राजकीय सभांना जाण्याची मनाई झाली. वर्गात राज्यव्यवस्था शिकावी आणि वर्गाबाहेर तिच्याविषयी बोलू नये, हा दंडक तेव्हापासून पडला. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय, जेथे राष्ट्रीय शिक्षणाचा निराळा प्रयोग चालला होता, ते १९१०मध्ये सरकारने बंदच केले.

शाळेत हा विषय असा बांधून टाकला गेल्यामुळे त्याचे खरे अध्यापन शाळेबाहेर झाले, आणि ते करणारी माणसे असामान्य होती. १९१६ साली होमरूलच्या प्रचारासाठी टिळक बेळगावास आणि नगरास बोलले, तेव्हा श्रोत्यांत शेतकरी होते, दुकानदार होते, अक्षरशत्रूही होते. त्यांना त्यांनी राज्यशास्त्रातला एक अत्यंत अवघड भेद समजावून सांगितला, तो म्हणजे अमूर्त राज्यसत्ता आणि ती चालवणारी नोकरशाही यांतला. एक अदृश्य सरकार, एक दृश्य सरकार. देव निराळा आणि पुजारी निराळा. पुजारी बदला म्हणणे म्हणजे देव फोडणे नव्हे. युरोपातील पंडित ज्या गोष्टीसाठी ग्रंथ लिहितात ती पंढरीच्या बडव्यांशी परिचय असलेल्या माणसाला चार वाक्यांत कळली. सरकारलाही ती कळली, म्हणूनच मॅजिस्ट्रेटने वीस हजार रुपयांचा जामीन मागितला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला, तेव्हा न्यायसंस्था कार्यकारी सत्तेहून स्वतंत्र असते म्हणजे काय, हाही पाठ त्याच श्रोत्यांना आपोआप मिळाला.

परंतु राज्यव्यवस्थेचा सर्वांत पूर्ण पाठ आपल्या प्रांतात जर कोठे दिला गेला असेल तर तो महाडच्या चवदार तळ्यावर. त्याचा क्रम मी प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहीत असे, आणि तो येथे सविस्तर सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी स्थळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुली असावीत. हे झाले कायदेमंडळ. त्या ठरावानुसार महाडच्या म्युनिसिपालिटीने जानेवारी १९२४मध्ये आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ही झाली स्थानिक स्वराज्य संस्था. ठराव झाला, पण एकही माणूस तळ्यावर जाऊ शकला नाही. येथे मी मुलांना थांबवून विचारीत असे की, आता काय कमी आहे? ठराव आहे, अधिकार आहे, तळे आहे. मुले विचार करीत, कोणी ‘पोलीस’ म्हणे, कोणी ‘कलेक्टर’ म्हणे. मग मी पुढची तारीख लिही: २० मार्च १९२७. त्या दिवशी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. कागदावरील हक्क बजावल्याशिवाय हक्क होत नाही, हे त्या ओंजळीने सिद्ध केले. पुढे म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला; काही मंडळींनी दिवाणी दावा लावून डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूम मिळवला; बाबासाहेबांनी, आपल्या अनुयायांचा संताप शिगेला पोहोचला असताना, तो हुकूम मानला, सत्याग्रह तहकूब केला आणि न्यायालयात लढा दिला; आणि मार्च १९३७मध्ये हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. कायदेमंडळ, स्थानिक संस्था, न्यायमंडळ, आणि या तिघांना जागे ठेवणारा नागरिक, असे चारही घटक एका तळ्याच्या काठी चौदा वर्षांत येऊन गेले. आमच्या अभ्यासक्रमात ही घटना इतिहासाच्या भागात ‘सत्याग्रह’ म्हणून येते आणि नागरिकशास्त्राच्या भागात येत नाही; दोन्ही भाग एकाच पुस्तकात असूनही मध्ये भिंत आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी निराळा मार्ग धरला, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. १९११च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ त्यांनी पाटील शाळा काढली आणि गावकामगारी करणाऱ्यांच्या मुलांना कारभाराचे रीतसर शिक्षण देण्याची सोय केली. १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून तलाठी नेमले, तेव्हा दप्तर पहिल्यांदाच घराण्याच्या हातून निघून शिकलेल्या कोणाच्याही हाती जाण्याचा मार्ग मोकळा झाला. मुंबई इलाख्यात मराठी सातवीच्या परीक्षेला लोक ‘मुलकी’ म्हणत, कारण ती उतरली की मुलकी खात्याची किंवा शाळामास्तराची नोकरी मिळे. कारभाराचे शिक्षण म्हणजे कारभारात नोकरी, ही समजूत त्या नावातच होती. मुंबई विद्यापीठात १९१९ ते १९२४ या काळात पॅट्रिक गेडीस हे समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि शहर पायांनी हिंडून अभ्यासावे असा त्यांचा आग्रह असे. पण तो आग्रह विद्यापीठाच्या आवारातून माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचला नाही.

स्वराज्य आले. मुंबई राज्यात मॅट्रिकच्या जागी एस्. एस्. सी. परीक्षा आली, २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, आणि १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या उद्देशांत लोकशाही नागरिकत्वाला अग्रस्थान दिले. ‘प्रजा’ या शब्दाची जागा ‘नागरिक’ या शब्दाने घेतली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या आणि गावोगावच्या मुलांचे वडील, चुलते, मामा हे पुस्तकात वर्णिलेल्या पदांवर प्रत्यक्ष बसू लागले. हे फार मोठे परिवर्तन होते. त्याच सुमारास राज्यभाषेच्या निमित्ताने पदनामकोश निघाला, कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला, आणि पुस्तकाची भाषा शुद्ध होत गेली. या नव्या शब्दांवर त्या वेळी टीका पुष्कळ झाली. मी स्वतः त्यांचा चाहता आहे. परंतु शिक्षक या नात्याने एक अडचण मला नेहमी जाणवली. पुस्तकात ‘कार्यकारी मंडळ’, ‘अधिनियम’, ‘प्रशासन’. आणि कचेरीच्या खिडकीशी मात्र अर्ज, दाखला, उतारा, फेरफार, हरकत, तहकुबी, निकाल. मूल एक भाषा परीक्षेत लिहिते आणि दुसरी भाषा ऐकून त्याचा बाप खिडकीवरून परत येतो. राज्यव्यवहारकोशाने सोडवू पाहिलेला प्रश्न तीनशे वर्षांनीही सुटलेला नव्हता.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी नववीच्या वर्गाला एक गृहपाठ देऊ लागलो. घरात असलेला कोणताही एक सरकारी कागद, वडीलधाऱ्यांना विचारून, एक दिवसापुरता आणावयाचा. पहिल्याच वर्षी टेबलावर शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, जन्माचे दाखले, मतदार-ओळखपत्रे असा ढीग जमला. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक सातबारा आला, जो एका मागच्या बाकावरील, क्वचितच बोलणाऱ्या मुलाने आणला होता. आम्ही तो सर्वांनी मिळून वाचला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची ते सांगणारा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हे समजावून होईतो त्या मुलाने हळूच सांगितले की, यावर नाव आजोबांचे आहे आणि आजोबा वारून सहा वर्षे झाली.

त्या दिवशी तास संपल्यावरही कोणी उठले नाही. वारसांनी तलाठ्याकडे अर्ज करावयाचा, वारसांची चौकशी होऊन फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, ती गाव नमुना सहा. मग संबंधितांना नोटीस निघते, चावडीवर ती लागते, हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते. हरकत आली तर ती निराळ्या नोंदवहीत उतरते आणि मंडल अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो. तो मान्य नसेल तर प्रांताकडे अपील. एका मुलाने विचारले, नोटीस कशाला, नाव तर यांचेच लागणार ना? मी म्हणालो, ज्याच्या हक्काला धक्का लागू शकतो त्याचे ऐकून घेतल्याशिवाय सरकारने काही करू नये म्हणून. राज्यव्यवस्थेतले अर्धे शास्त्र या एका नोटिशीत आहे. हे नियम कोणी केले, असा प्रश्न आला. विधानमंडळाने, १९६६च्या जमीन महसूल संहितेत. ते राबवतो कोण? तलाठी. आणि तलाठी चुकला तर? येथे फळ्यावर कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ ही तीन नावे लिहिण्याची मला गरजच उरली नाही. मुलांनी ती आपल्या आपण लिहिली. आणि मग खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने विचारले, “सर, यांच्या आत्यांची नावेही लागतील का?” मी म्हणालो, लागतील, १९५६च्या कायद्याने मुलगीही वारस आहे. वर्ग क्षणभर शांत झाला. त्या शांततेत प्रत्येक मुलगा आपल्या आत्यांची आणि प्रत्येक मुलगी स्वतःची मोजदाद करीत होती, हे मला स्पष्ट दिसत होते.

१९८९पासून मताधिकाराचे वय एकवीसवरून अठरावर आले, म्हणजे दहावी उतरलेले मूल आता दोन-तीन वर्षांत मतदार होते. पूर्वी मध्ये जो पाच वर्षांचा अवकाश असे तो उरलेला नाही. पुढे नववी-दहावीच्या पुस्तकावर ‘नागरिकशास्त्र’ जाऊन ‘राज्यशास्त्र’ असे नाव आले आहे, आणि पुस्तके पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली झाली आहेत. निवडणूक, पक्ष, चळवळी यांविषयी ती मोकळेपणाने बोलतात, जे माझ्या विद्यार्थिदशेत अशक्य होते. तरीही दहावीच्या चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेत इतिहासानंतर शेवटी येणाऱ्या या विषयाच्या वाट्याला बाराच गुण येतात, आणि शाळांतून तो फेब्रुवारीत, घाईने, आटोपला जातो. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, त्यांनी तो जूनमध्ये सुरू करावा, आणि पहिल्या तासाला पुस्तक न उघडता मुलांच्या दप्तरात घरचा एक कागद मागवावा.

त्या मुलाने आपल्या वडिलांचा अर्ज स्वतः लिहिला. मी त्यात एकच शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली. पुढच्या उन्हाळ्यात तो नवा उतारा दाखवायला घरी आला, तेव्हा त्यावर आजी, वडील, चुलते आणि दोन आत्या अशी पाच नावे होती.